दिनू, गाडी कुणी जाळली नव्हती

दिनू, गेल्या रविवारी तुझी शोकसभा झाली आणि मी तिथं भांडण करून आलो.

लालबागच्या तुझ्या चाळीच्या आवारात सतरंज्या घातल्या होत्या. खुर्चीवर तुझा फोटो. तोच तो, लष्करातला, ज्यात तू स्वतःसारखा अजिबात दिसत नाहीस. मास्तर बोलायला उभे राहिले. मास्तर म्हणजे रात्रशाळेत शिकवणारे आपले मास्तर, कलापथकाचे प्रमुख, ज्यांच्या एका शब्दावर तू गिरणीतली साच्यावरची पाळी टाकून गाडी घेऊन निघायचास. ते म्हणाले, "ज्यांनी दिनकरची गाडी जाळली त्यांना दिनकरचा आवाज जाळता आला नाही." सगळ्या आवारात बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या. मी मागं नळाच्या कट्ट्याला टेकून उभा होतो. मला रडू आलं नाही. चीड आली. मास्तरांची नाही, तुझी.

कारण गाडी कुणी जाळली नव्हती. आग पेट्रोलच्या नळीनं लागली होती. माझ्या समजुतीनं हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक त्या खुर्चीवर हार घालून बसला होता.

आता मी सगळं पहिल्यापासून सांगणार आहे. मध्ये गाणं म्हणून विषय बदलायची सोय तुला राहिलेली नाही.

कुर्ल्याच्या भंगारातून तू ती लढाईच्या वेळची अँब्युलन्स ओढून आणलीस. संयुक्त महाराष्ट्राचा प्रचार गावोगाव पोचवायचा, तर पथकाला स्वतःचं घर बरोबर घेऊन फिरायला हवं असं मास्तर म्हणत. कित्येक गावांत वजनदार माणसांच्या भीतीनं कुणी ओसरीही द्यायचं नाही. म्हणून तू त्या अँब्युलन्समध्ये फळ्या ठोकल्यास. दिवसा बाकं, मुक्कामाला बिछाने. पेटी-ढोलकीला वर फडताळ, मागच्या दाराशी स्टो. सहा माणसांचा संसार. परळच्या मैदानाच्या कडेला तू ते सुतारकाम करायचास तेव्हा लोक थांबून बघायचे, आणि तू रंधा बाजूला ठेवून त्यांना आत चढवून दाखवायचास, वास्तुशांतीला बोलावल्यासारखा.

बिछान्यांना जागा हवी म्हणून तू पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालून काढून पार मागच्या टोकाला नेलीस. आणि मग भोईवाड्यात माझ्या खोलीवर आलास. "सदा, टाकीपासून इंजिनापर्यंत नळी तेवढी टाकून दे. तुझं रोजचंच काम आहे."

होतंच माझं रोजचं काम. बसच्या वर्कशॉपात फिटर म्हणून आठ वर्षं मी तेच करत होतो. गाडीखाली पडून मी बघितलं, तर तूही शेजारी येऊन पडलास.

"डावीकडून सरळ जाते की," तू म्हणालास. "भोकंसुद्धा पाडलेली आहेत."

"डावीकडून सायलेन्सर जातो."

"मग? चांगलं वीतभर अंतर आहे."

"आज आहे. गाडी चार खड्ड्यांत आपटली आणि नळी लोंबली की नाही राहणार. सायलेन्सरवर भाकरी भाजेल, दिनू. त्याच्या शेजारनं पेट्रोल न्यायचं नसतं."

मी नळी उजवीकडून नेली. लांबची वाट, पण सायलेन्सर त्या अंगाला नव्हता. तांब्याची नळी चासीच्या पट्टीच्या आतल्या अंगानं, म्हणजे रस्त्यावरचा दगड उडून लागणार नाही. वीत-वीत अंतरावर क्लिप, प्रत्येक क्लिपखाली चामड्याचा तुकडा, म्हणजे पत्र्यावर घासून नळी झिजणार नाही. जिथं पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबराची कडी. बॅटरीच्या वायरीपासून लांब. आणि शेवटी, इंजिनाशी, फक्त चार बोटं पेट्रोलची खास रबरी नळी, कारण इंजिन हलतं आणि चासी हलत नाही. तिथं ताठ नळी ठेवली तर ती महिन्याभरात चिरते. तीन रविवार लागले. तू वर बसून गाणी बसवत होतास आणि मधूनच खाली वाकून तुझ्या मालवणीत विचारायचास, "मेल्या, नळी घालतंस की मंगळसूत्र ओवतंस?"

त्याच दिवसांत मी पहिल्यांदा तुझ्या घरी चहाला आलो. तुझ्या आईनं मला कान तुटलेला कप दिला. घरातले बाकीचे कप धड होते, ते आपल्या दोघांनाही दिसत होतं. आम्ही तेव्हा नुकतीच दीक्षा घेतली होती. पण तुझ्या आईला माझी वाडी अजून जुन्याच नावानं ठाऊक होती. तू एक शब्द बोलला नाहीस. माझा कप उचललास, तुझा माझ्यापुढं ठेवलास, आणि कान तुटलेल्या कपातून चहा प्यायलास. पुढं कितीतरी महिने तू त्याच कपातून पीत होतास. शेवटी म्हातारीनंच तो फेकला. मी ते विसरलेलो नाही, दिनू. मरेपर्यंत विसरणार नाही. पण तुझी खोडही मला तिथंच दिसली होती. तू चूक दुरुस्त करायचास, पण तोंड उघडायचं नाही. कपाच्या बाबतीत ते चाललं.

गेल्या थंडीत तुमचा कराडकडं दौरा होता. वाटेत उजव्या अंगाचा मागचा स्प्रिंगचा पाटा तुटला आणि त्यानं माझी नळी चेपली. पेट्रोल पुढं जाईना. संध्याकाळी कार्यक्रम, गाव वाट बघतंय. तू एका मळ्यातून पाण्याच्या पंपाची रबरी नळी मागून आणलीस, आणि उजवीकडं पाट्याला लाकडं बांधलेली म्हणून ती डावीकडून नेलीस, सायलेन्सरच्या वरून, सुतळीनं बांधून. कार्यक्रम चुकला नाही. हे मी समजू शकतो. मी तिथं असतो तर कदाचित मीही तेच केलं असतं, त्या एका दिवसापुरतं.

पण परत आल्यावर तू ती काढली नाहीस. वर मला हौसेनं सांगितलंस, की घाटात गाडी चढताना सारखी बंद पडायची, मग तू नळीला ओलं फडकं गुंडाळायचास आणि ती चालू व्हायची. तुझ्या चाळीच्या दारात, हसत हसत सांगितलंस.

"अरे, फडक्यानं चालू होते म्हणजे काय, कळतंय का तुला?" मी म्हणालो. "नळी इतकी तापते की आतल्या आत पेट्रोल उकळतं. पंपाला पेट्रोलऐवजी वाफ मिळते. आणि ते रबर पाण्याचं आहे, पेट्रोलनं ते फुगतं, भुसभुशीत होतं. तुम्ही सहा जण त्याच्यावर झोपता!"

"गाडी चलता मा? मगे झाला."

"दिनू, मी चेष्टा करत नाही."

"साताऱ्याचा दौरा होऊ दे. परवा निघायचंय. आलो की घाल तुझं मंगळसूत्र."

"परवाचा दौरा आहे म्हणूनच आज कर. चेपलेला तुकडा तेवढा बदलायचा, दीड तासाचं काम आहे."

"तुला प्रत्येक गोष्टीत वर्कशॉप दिसतं. इथं चळवळ चाललीय, सदा."

हे तू चाळीतल्या सगळ्यांसमोर म्हणालास. मला ते लागलं. फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा मी काय घरी बसलो होतो? मी म्हणालो, "मग चळवळीलाच सांग नळी बदलायला. मी हात लावणार नाही." आणि निघालो. माझ्या पिशवीत तेव्हा पाने होते, क्लिपा होत्या. गाडी वीस पावलांवर उभी होती. तू नको म्हणाला असतास तरी मी तिच्याखाली जाऊन पडू शकत होतो. तू काही मला पाय धरून ओढलं नसतंस. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्यावर ओरडतोय म्हणून मी सुटलो असं समजू नकोस.

आग लागल्याची बातमी मी पेपरात वाचली. 'कलापथकाची गाडी पेटवली.' सकाळी त्या गावात विरोधकांनी दगड मारले होते, सभा उधळायचा प्रयत्न केला होता, हे खरं होतं. दुपारी गाडी गावाबाहेर पेटली हेही खरं. मधलं लोकांनी आपापलं जोडून घेतलं.

आठवड्यानं तू भोईवाड्याच्या कोर्टासमोरच्या हॉटेलात मला बोलावलंस. डावा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. चहा आला. तू उजव्या हातानं खिशातून रुमाल काढलास आणि टेबलावर उलगडलास. आत काळा, चिकट, बोटभर तुकडा होता. रबर.

"तू म्हणालास तेच झालं," तू म्हणालास.

मग तू हळूहळू सांगितलंस. चढावर गाडी बंद पडली. तू खाली उतरून वाकलास, तर सायलेन्सरवर चर्रचर्र आवाज येत होता, तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा. तू ओरडलास, "उतरा, सगळी उतरा!" मागचं दार स्टोच्या पेटीनं अडलं होतं. तू ती पेटी हातानं ओढलीस तेव्हा खालून जाळ वर आला होता. पाचही जणांना बाहेर काढलंस; त्यांना वाटलं, सकाळच्या लोकांनीच खाली काहीतरी करून ठेवलं. बाजाची पेटी, ढोलकी, पडदे, तुझ्या हातचे बिछाने, सगळं गेलं. मला त्या क्षणी तुला मिठी मारावीशी वाटली, आणि मी विचारलं काय, तर "मास्तरांना सांगितलंस?"

तू मान हलवलीस. नाही.

"का नाही?"

"आता कसं सांगू? पेपरात आलंय. मास्तर प्रत्येक सभेत बोलतायत. ज्या गावात कुणी ओसरी देत नव्हतं ना सदा, तिथं आता मांडव घालून बोलावतायत. आता मी उभा राहून सांगू, की कुणी नाही जाळली, माझ्याच आळसानं जळाली? उद्या तेच लोक म्हणतील, हे सगळंच खोटं सांगतात. फाउंटनचंही खोटंच म्हणतील."

तुझं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पण मला दुसरंच काही दिसत होतं. तोवर तुझ्या गाडीचं नाव झालं होतं. नायगावच्या पथकानं तशीच गाडी केली होती, माझगावच्या गोदी कामगारांच्या पथकानंही. दोन्हीकडं टाकी मागं नेणारा तू, आणि डावीकडून रबरी नळी टाकून देणाराही तूच. मला विचारलंही नव्हतंस.

"त्या दोन गाड्यांचं काय?" मी म्हणालो. "त्यांना वाटतंय गाडी दुश्मनानं जाळली. ते गाडीभोवती पहारा ठेवतील, दिनू. गाडीखाली कोण वाकून बघणार?"

तू रुमालाची पुन्हा घडी केलीस. "मी बघतो."

"बघतो म्हणजे? सांगणार ना त्यांना?"

"बघतो म्हटलं ना रे."

मी तुझा चहा तसाच सोडून उठलो. त्यानंतर पाच महिने आपण बोललो नाही. पथक एसटीनं फिरायला लागलं. तुझा हात बरा झाल्याचं कानावर आलं. मे महिन्यात राज्य होणार हे पक्कं झालं, गिरणगावात पेढे वाटले गेले, आणि त्या गर्दीत तू मला भारतमाता सिनेमाच्या नाक्यावर दिसलास. तू हात वर केलास. मीही केला. मधे माणसं होती. मी ती ओलांडून आलो नाही, तूही नाही.

मग कावीळ. शालू वहिनींनी निरोप पाठवला तेव्हा तू हॉस्पिटलात दहा दिवस काढले होतेस. मी आलो. तू पिवळा, हाडं वर आलेली, डोळे मिटलेले. मी खुर्ची ओढली तसे उघडलेस. मी ठरवून आलो होतो, की आज भांडायचं नाही. मी पाण्याचं विचारलं. तू माझं मनगट धरलंस. तापात तू मालवणीतच बोलत होतास.

"एक झाली रे, सदा. एक रवली."

"काय झाली? गाडी? कुठली झाली, कुठली राहिली?"

तू डोळे मिटलेस. मी पुन्हा विचारलं. नर्सनं मला उठवलं. दुसऱ्या दिवशी मी पाळी संपवून आलो तेव्हा खाट रिकामी होती.

कुठली, ते सांगायला तुला एक शब्द लागला असता. नायगाव किंवा माझगाव. तेवढाही नाही बोललास.

म्हणून मी शोकसभेत बोललो. मास्तरांनी माझं नाव पुकारलं, मित्र म्हणून दोन शब्द सांगा म्हणाले. मी तुझ्या फोटोसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, की गाडी कुणी जाळली नाही. नळीनं जळाली. दिनूनं पाच माणसं वाचवली हे खरं, नळी त्यानंच चुकीची टाकली हेही खरं, आणि मला दिसत असून मी ती बदलली नाही हेही खरं. तशाच दोन गाड्या अजून फिरतायत.

काय झालं असेल ते तू ओळखशील. कुणीतरी ओरडलं, "खाली बसा!" दुसरं कुणी म्हणालं, "मेलेल्या माणसावर आरोप करता?" मास्तर माझ्या दंडाला धरून हळू आवाजात म्हणाले, "सदाशिव, ही वेळ नव्हे." मी म्हणालो, "मास्तर, वेळ होती ती गेली." तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. मी वहिनींकडं बघायचं धाडस केलं नाही. त्या खोलीच्या दारात बसल्या होत्या, उठून आत गेल्या.

सोमवारी मी नायगावला गेलो. त्यांच्या गाडीखाली वाकलो आणि तिथंच रस्त्यावर बसून राहिलो. नळी उजवीकडून गेली होती. तांब्याची. पट्टीच्या आतून, वीत-वीत अंतरावर क्लिप, खाली चामडं. दोन ठिकाणी वळणं बेढब होती, क्लिपा जरा जास्तच आवळलेल्या, पण एकही गोष्ट सुटलेली नव्हती. इंजिनाशी मी बोट लावून मोजलं. चार बोटं रबर. ड्रायव्हर म्हणाला, "दिनूभाऊ स्वतः येऊन करून गेले. कशाला ते काही बोलले नाहीत." भाजलेल्या हातानं तू ते केलं होतंस. तीन रविवार वर बसून गाणी म्हणत होतास, आणि सगळं बघत होतास तर! मला एकदा हाक मारली असतीस. मी क्लिपा धरल्या असत्या.

मंगळवारी माझगाव. तिथं तीन-चार जण गाडीपाशीच होते. बातमी माझ्याआधी पोचली होती. मी पिशवी खाली ठेवली, तसा त्यांचा पुढारी आडवा आला.

"तुम्हीच ना ते, शोकसभेत बोललेले?"

"नळी बघू द्या फक्त."

"ही नळी दिनूभाऊंनी स्वतःच्या हातानं घातलीय. ती तशीच राहणार. कुणी हात लावायचा नाही."

उभ्याउभ्या मला ती दिसत होती. डावीकडून, सायलेन्सरच्या वरून, सुतळीच्या जागी तार एवढाच फरक. रबर फुगून गुळगुळीत झालं होतं. मी समजावलं, हात जोडले, शेवटी आवाज चढवला. त्यांनी मला गाडीपासून बाजूला केलं, धक्का देऊन नव्हे, पण केलं. दोन दिवसांनी त्यांचा दौरा निघणार होता. मी घरी आलो. तुझ्या नावानं शिव्या घातल्या, दिनू, मोठ्यानं घातल्या. बायकोनं दार लावून घेतलं.

बुधवारी सकाळी माझ्या दारात शालू वहिनी उभ्या होत्या. पांढऱ्या पातळात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं जाब विचारायला आल्या. मी म्हणालो, "वहिनी, मी सभेत बोललो त्याबद्दल..."

"त्यांनी मला सांगितलं होतं, आगीनंतर घरी आले त्याच दिवशी," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं सांगून टाका. ते म्हणाले, सदा सांगेल. त्याच्या पोटात राहत नाही." मग त्यांनी विचारलं, "माझगावला काय म्हणाले?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "पिशवी घ्या, भावजी."

दिवस घातल्याशिवाय बाईनं घराबाहेर पडू नये म्हणून तुझ्या आईनं अडवलं असणार. ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. माझगावला गाडीपाशी तेच लोक होते. वहिनी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही.

"मी दिनकरची बायको. ही नळी त्यांनी घातलीय ना? मग ती काढायला मी सांगतेय. काढा."

पुढारी बाजूला झाला. नंतर त्यानंच माझ्या पिशवीतून पाना काढून माझ्या हातात दिला.

मी गाडीखाली शिरलो. जुनी नळी ओढली तर ती माझ्या मुठीत तुटली. पुढाऱ्यानं ते बघितलं आणि तो खाली उकिडवा बसला, तो उठलाच नाही. मी सगळं केलं, बरोबर आणलेल्या तांब्याच्या नळीनं, उजवीकडून, नायगावला तू केलंस तसं. मला घाई नव्हती. दुपार कलली. वहिनी सगळा वेळ गाडीच्या पायरीवर बसून होत्या. कुणीतरी चहा आणला, तो त्यांनी घेतला.

इंजिन चालू केलं. मी म्हणालो, अर्धा तास चालू राहू दे, चांगलं तापू दे. अर्ध्या तासानं मी पुन्हा खाली वाकणार, तोच वहिनींनी मला थांबवलं. पातळ आवरून त्या स्वतः खाली वाकल्या, हात आत घातला, आणि टाकीपासून पुढं जमेल तिथवर नळीवरून तळवा फिरवत नेला.

त्या सरळ झाल्या. हाताला तेल लागलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"थंड आहे," त्या म्हणाल्या.